खुंट्यांवरचा निळा खडू

मी सेतार. बोलते आहे, पण आवाज जरा बसलेला आहे, सांभाळून घ्या.

सतारीची आणि माझी गल्लत करू नका. ती तुमच्याकडची, भोपळ्याची, अंगानं भरलेली. मी इराणातल्या किरमानची, तुतीच्या लाकडाची, एवढीशी. मांडीवर घेऊन वाजवली तर शेजारच्या खोलीत ऐकू जाईल न जाईल एवढाच माझा आवाज. फारसीत से म्हणजे तीन, म्हणून माझ्या नावात तीन तारा आहेत आणि अंगावर चार. चौथी कुणीतरी मागाहून जोडली, आणि नाव बदलायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

ज्या झाडापासून मी झाले ते माहानच्या एका बागेत होतं. पानं रेशमाच्या किड्यांना, तुती चिमण्यांना आणि पोरांना, आणि म्हातारपणी खोड उस्ताद करामतना. त्यांनी ते सात वर्षं सावलीत वाळवलं. अधूनमधून बोटाच्या पेरानं ठोकून बघायचे आणि म्हणायचे, "अजून कच्ची आहे." आठव्या वर्षी काही न म्हणता त्यांनी पटाशी उचलली.

त्यांनी मला पातळ पोट दिलं, लांब मान दिली, मानेवर आतड्याच्या दोऱ्याचे पडदे बांधले. बुडाशी तारा अडकवायला शिंगाचा एक तुकडा चिकटवला आणि डोक्याशी अक्रोडाच्या चार खुंट्या बसवल्या. खुंटीला ना दात, ना स्क्रू. लाकडात लाकूड घट्ट बसतं, एवढ्यावरच सगळं. किरमानची हवा कोरडी. लाकूड आक्रसलं की खुंटी सैल पडते आणि तार उतरते. म्हणून मला वाजवायच्या आधी रोज लावावं लागायचं. त्याला कुणी दोष म्हणत नसे. माणसाला रोज तोंड धुवावं लागतं, तसंच ते.

तूरानच्या हाती मी आले तेव्हा ती तेवीस वर्षांची होती, मुलींच्या शाळेत नुकतीच भूगोलाची बाई झालेली. मला उजव्या हाताच्या तर्जनीच्या नखानं छेडतात. ते एक नख ती लेकरासारखं जपायची. एकदा शाळेच्या दारात ते तुटलं, तर तिनं तापाचं कारण सांगून तीन दिवस रजा काढली. मुख्याध्यापिकेनं घरी संत्री पाठवली. तूराननं ती खाल्ली आणि नखाकडे बघत बसली.

मग तिचं लग्न झालं. नवरा इस्कंदर, शिंपी. कोट शिवावा तर इस्कंदरनं, असं अर्धं शहर म्हणायचं. पण गाण्याच्या बाबतीत दगड. सगळी गाणी त्याला एकच वाटायची, कधी हळू म्हटलेलं, कधी भरभर.

पण माझ्यासाठी त्यानं जे केलं ते कुठल्या गवयानं केलं नसतं. मध्यंतरी काही वर्षं अशी आली की सरकारला गाणंबजावणं खपत नव्हतं, हातात वाद्य घेऊन रस्त्यानं जाणं बरं नव्हतं. तूरान मला माळ्यावर टाकणार होती. इस्कंदर म्हणाला, "माळ्यावर हिला कसर लागेल. माझ्याकडे दे." त्यानं मला दुकानात नेलं, हँगरला टांगलं आणि वरून एक जाड ओव्हरकोट घातला. शिवून तयार झालेल्या पंधरा कोटांच्या रांगेत सोळावी मी. दर शुक्रवारी तो कोट हातावर टाकून तो घरी यायचा, शनिवारी परत घेऊन जायचा. वाटेत एकदा एकानं विचारलं, "आगा, हा कोट कुणाचा? आठवड्याला एक फेरी होते याची." इस्कंदर म्हणाला, "गिऱ्हाईक नखरेल आहे, मापच बसत नाही."

ते दिवस सरले. मी घरी कायमची राहायला आले. मुलगी झाली, गोलनार. ती शिकली, तेहरानला गेली, लोकांचे आखडलेले हातपाय व्यायामानं सोडवून द्यायचा तिचा व्यवसाय झाला. आणि इकडे तिच्या आईचेच अंगठे आखडले.

संधिवात. नखानं छेडता यायचं, डाव्या हाताची बोटं पडद्यांवर फिरायची, पण खुंटी पिळायला अंगठ्यात जोर लागतो, तो गेला. पहिल्या दिवशी तिनं तीनदा प्रयत्न केला आणि मला भिंतीला टेकवून ठेवलं. इस्कंदरनं ते पाहिलं. दुकानातून येताना खिशात राहिलेला निळा खडू त्यानं काढला, कापडावर खुणा करायचा तो, खुंट्या घसरू नयेत म्हणून त्यांना चोळला, आणि पहिल्या खुंटीला हात घातला.

"बोल."

"वर."

"किती?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती? मला मापात सांग."

तूराननं विचार केला. "अर्धा टाका."

"हां. असं बोल की."

त्यानं पिळलं. ती ओरडली, "अहो! अर्धा टाका म्हटलं, तुम्ही अख्खी बाही लावलीत!"

"मग उसवू?"

"उसवा. हळू."

पुढची अकरा वर्षं रोज संध्याकाळी हे चाललं. चार तारांना अर्धा तास लागायचा. चहा निवायचा, त्यावरून आणखी एक भांडण. कधी मी सुरात येईपर्यंत तूरान दमून जायची आणि वाजवणं राहूनच जायचं. कुणाची तक्रार नव्हती. आता मागे वळून पाहते तर वाटतं, मला वाजवलं त्याहून लावलंच जास्त. ती सगळी वर्षं माझ्या खुंट्या निळ्या होत्या.

पानगळीच्या आबान महिन्यातल्या एका गुरुवारी त्यानं मला लावलं. शेवटच्या तारेला तूरान "किंचित खाली" म्हणाली, त्यानं केलं, ती "बस" म्हणाली. शुक्रवारी पाहुणे आले, लावणं राहून गेलं. शनिवारी सकाळी दुकानात, एका पँटला इस्त्री करता करता तो खाली बसला आणि उठला नाही. इस्त्री शेजारच्या चांभारानं उचलली, म्हणून पँट तरी वाचली.

मयताच्या घरी करतात त्या हलव्याचा वास घरात पसरला. लोक आले, खजूर खाऊन गेले. चाळिसाव्या दिवशी रीतीप्रमाणे नणंदेनं रंगीत कापड आणून तूरानच्या खांद्यावर टाकलं, की बाई, आता दुखवट्याचं काळं उतरव. तिनं आभार मानले, कापडाची घडी केली आणि पेटीत ठेवली. काळं उतरवलं नाही. ती रडलीही नाही. भांडी घासायची, झाडांना पाणी घालायची, खिडकीत बसायची. कुणी विचारलं की म्हणायची, "शुकर आहे देवाचं."

मी भिंतीला टेकलेली. मलाही काही वाटत नव्हतं. तारा ताणून हळूहळू उतरत गेल्या, त्यांचं ते कामच आहे. पण खडूमुळे खुंट्या हलल्या नव्हत्या. त्यानं गुरुवारी जिथे सोडल्या तिथेच होत्या, आणि त्यांवरचा खडूही. तूरान रोज मला पुसायची. माझं पोट, मान, बूड. खुंट्यांपाशी आली की फडकं थांबायचं.

आठ महिन्यांनी गोलनार सुट्टी काढून आली. तिनं आईचे अंगठे तपासले, मग माझ्याकडे पाहिलं.

"आई, किती दिवस वाजवलं नाहीस?"

"जमत नाही गं."

"जमायला काय झालं? हल्ली बारीक स्क्रू मिळतात. तारेच्या बुडाशी बसवतात. दोन बोटांनी फिरवला की सूर वर खाली होतो, जोर लागत नाही. उस्ताद अताकडे बसवून आणू?"

"नको. कशाला उगाच तुला त्रास."

आता आमच्या लोकांची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे पहिलं नको हे नको नसतं. त्याला तारोफ म्हणतात. काही देऊ केलं की घेणाऱ्यानं नको म्हणायचं, देणाऱ्यानं आग्रह करायचा, असं दोन-तीनदा झालं की मग घ्यायचं. एकदाच विचारून गप्प बसणारा माणूस कद्रू, आणि पहिल्यांदाच हो म्हणणारा हावरट. तूरान तर यात पटाईत. कपडे धुवायचं मशीन गोलनारनं देऊ केलं तेव्हा तिनं तीनदा नको म्हटलं होतं. आलं तेव्हा त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं.

म्हणून गोलनार म्हणाली, "त्रास कसला! तुझं काम माझ्या डोळ्यांवर."

"अगं नको म्हणते ना. तुझी सुट्टी आहे, झोप, खा."

"आई, तू लाजतेस."

"राहू दे, पोरी. आहे तशी बरी आहे ती."

गोलनारनं मोजलं. तीन झाले. ती हसली, आईच्या डोक्याचा मुका घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला पिशवीत घालून बाजारात निघाली. तूरान दारापर्यंत आली. तोंड उघडलं, मिटलं. "उन्हाचं डोक्यावर घे काहीतरी," एवढंच म्हणाली.

मला वाटलं होतं उस्ताद अता तरी अडवतील. ते करामत उस्तादांचे शिष्य. मी कुणाच्या हातची ते त्यांनी बघताक्षणी ओळखलं, मला दोन्ही हातांवर घेतलं आणि कपाळाला लावलं.

"खानम, वाद्य थोरांच्या हातचं आहे. याच्या बुडाला भोकं पाडायची म्हणजे..."

"तुम्हाला अवघड वाटत असेल तर राहू द्या हं, उस्ताद."

"छे छे, अवघड कसलं. पण आवाजाचं काही सांगता येत नाही. धातूचं वजन पडतं ना."

"मग दुसरीकडे विचारू का? तुम्हाला उगाच भीड पडायला नको."

"दुसरीकडे! आमच्या दुकानाला कुलूप लागलंय का? आपला हुकूम." आणि चहा मागवला.

त्यांना वाटत होतं ही आता मागे घेईल. तिला वाटत होतं जमत नसेल तर हे स्पष्ट सांगतील. चहा झाला, साखरेचे खडे संपले, दोघंही एकमेकांसमोर वाकून झाली. असा माझा निकाल लागला.

उस्तादांनी तारा सोडवायला पहिल्या खुंटीला हात घातला. ती सहज फिरली. दुसरी, तिसरी, चौथी. गुरुवारचा सूर, उतरलेला का होईना, तिथे होता. आता नव्हता. तिथे कुणाला ते माहीतच नव्हतं. मग शिंगाचा तुकडा काढला, भोकं पाडली, शिसवीची एक पट्टी बसवली आणि तिच्यावर चार पितळी स्क्रू. दुखलं का म्हणाल, तर नाही. काहीच झालं नाही. तार छेडली तेव्हा मात्र आवाज कुणाच्या तरी घोंगडीखालून आल्यासारखा वाटला. तो माझाच होता.

उस्तादांना वाईट वाटत असावं, म्हणून त्यांनी न सांगता जास्तीचं काम केलं. माझ्या खुंट्या ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसल्या आणि तेल लावून चकचकीत केल्या. "एवढं माझ्याकडून," गोलनारला म्हणाले.

घरी तूराननं मला मांडीवर घेतलं. आधी स्क्रू पाहिले. एक फिरवून पाहिला, तो लोण्यासारखा फिरला. मग तिची नजर वर गेली.

"खुंट्या कुणी पुसल्या?"

"उस्तादांनी. मी सांगितलंही नव्हतं, आपणहून. किती छान दिसतात ना?"

"छान दिसतात," तूरान म्हणाली. "तुझा हात दुखू नये, पोरी," असे आमच्या रीतीनं आभार मानले आणि उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू राहिला. नळाखाली भांडं नव्हतं.

जेवताना गोलनारनं विचारलं, "वाजवून बघत नाहीस?"

तूराननं भात चिवडला. "मी नको म्हटलं होतं."

"काय?"

"स्क्रू. नको म्हटलं होतं मी."

"आई, तू नेहमीच नको म्हणतेस! मशीनला म्हणालीस, चष्म्याला म्हणालीस, मागच्या वर्षी डॉक्टरलाही म्हणालीस!"

"या वेळी खरंच म्हटलं होतं."

"मग मला कसं कळावं?"

तूराननं घास ताटात परत ठेवला. मग म्हणाली, "तुला कळायला हवं होतं असं नाही. मीच सांगायला हवं होतं. पण सांगणार काय? तुझ्या बाबांचा हात अजून त्या खुंट्यांवर आहे, असं? तेहतीस वर्षं मुलींना नकाशे शिकवले मी. तू म्हणाली असतीस, आई, तारा तर केव्हाच उतरल्यात. आणि खरंच उतरल्या होत्या. मला ठाऊक होतं."

गोलनार ताटावर रडली. "मी परत नेते. स्क्रू काढून घेते."

"काढशील. पण पिळलेलं उलट कसं पिळणार?"

"मग काय करू मी? सांग ना."

"काही नाही. भात खा."

तिनं मुलीच्या पाठीवर हात ठेवला. तो हात मायेचा होता, खोटं नाही. पण तिचे स्वतःचे डोळे कोरडे होते, आणि त्याचीच मला भीती वाटली. त्या आठ महिन्यांत मला जे एकदा वाटलं ते हे.

गोलनार तेहरानला परतली. रोज फोन करते. वाजवलंस का, हे मात्र विचारत नाही.

अठरा दिवस मी भिंतीला होते. एकोणिसाव्या दिवशी ऊन कलताना तूराननं मला घेतलं. उस्तादांनी तारा साधारण चढवून दिलेल्याच होत्या. तिनं कान जवळ आणला आणि पहिला स्क्रू दोन बोटांत धरला. आखडलेल्या अंगठ्याला काही जोर लागला नाही. किंचित फिरवला, सूर आला. दुसरा फिरवला, आला. तिसरा, चौथा. चुलीवरचं पाणी अजून उकळायचं होतं.

ती थबकली. मला आधी वाटलं, आनंद झाला असेल. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. पोरीचं म्हणणं अगदी बरोबर निघालं होतं. तो नसला तरी चालत होतं. इतकं सहज चालेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि तेच तिला सोसत नव्हतं. त्यानं रोज अर्धा तास दिला होता, त्या जागी आता दोन मिनिटं पुरत होती, आणि उरलेल्या वेळाचं काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं वाजवलं थोडं. माझा आवाज घोंगडीखालचाच. तिनंही त्याला काही नाव ठेवलं नाही. बोटं चुकली नाहीत, मीही चुकले नाही. दोघींनी आपापलं काम केलं.

तेव्हापासून रोज घेते. काळे कपडे अजून आहेत. नख पुन्हा वाढवलंय. स्क्रू चांगले आहेत, मी त्यांची निंदा करणार नाही. ज्यांचे अंगठे गेलेत त्यांनी जरूर बसवून घ्यावेत. फक्त ज्याचं वाद्य आहे त्याला आधी नीट विचारा, आणि नको म्हणाला तर खाली बसून विचारा की का.

काल संध्याकाळी तिनं मला घेतलं आणि चारही तारा छेडल्या. सगळ्या जागेवर होत्या. हल्ली असंच होतं, उस्तादांनी खुंट्या घट्ट ठोकून बसवल्यात, आदल्या दिवशी लावलेलं दुसऱ्या दिवशी तसंच राहतं. करायला काही नव्हतं. ती माझ्याकडे बघत बसली. मग तिनं पहिला स्क्रू उलटा फिरवला, तार चांगली बेसूर होईपर्यंत. मग दुसरा. मग चारही. आणि पहिल्या तारेपासून, अगदी सावकाश, पुन्हा लावायला बसली. एकदा मुद्दाम चुकली, परत खाली आणली, पुन्हा वर नेली. मी चुकू दिलं. शेजारीण काहीतरी मागायला आली होती, ती दारात उभी राहून बघत होती.

तुम्ही कधी किरमानला आलात आणि ती अशी मला लावत बसलेली दिसली, तर बाजूला बसा, चहा घ्या, हवं तर वर्तमानपत्र वाचा. "लागली की सुरात" असं मात्र म्हणू नका. तिलाही ऐकू येतं.